देह कोणाचा, चाल कोणाची?

वार्षिकांकासाठी लेख मागताना संपादक सरांनी विषयाचे बंधन घातले नव्हते, म्हणून हे धाडस. कला शाखेच्या विद्यार्थ्याने संतवाङ्मयावर लिहावे, नवकवितेवर लिहावे, फार तर एखाद्या प्रवासावर लिहावे, असा आपल्या अंकाचा शिरस्ता आहे. मी लिहिणार आहे ते एका अमेरिकन कार्टून मालिकेच्या वीस-बावीस मिनिटांच्या एका भागावर. त्यात लाल पोशाखातला एक वेगवान धावपटू आणि एक टक्कल असलेला कारस्थानी उद्योगपती यांच्या मनांची अदलाबदल होते. एवढे वाचून कोणी पान उलटले तर माझी तक्रार नाही. मात्र ज्यांना नाटकात काम करण्याची हौस आहे त्यांनी थोडे थांबावे. गेल्या वर्षी रंगमंचावर मी जी चूक केली ती मला सरांनी दाखवली, मित्रांनी दाखवली, तरी कळली नाही. ती या कार्टूनने समजावून दिली.

प्रथम ती चूक सांगतो. गेल्या स्नेहसंमेलनात आम्ही 'भगवदज्जुकीयम्' या संस्कृत प्रहसनाचे मराठी रूपांतर केले होते. साधारण सातव्या शतकातले हे नाटक. काही अभ्यासक ते बोधायनाचे मानतात, तर काही 'मत्तविलास' लिहिणाऱ्या पल्लव राजा महेंद्रवर्मनचे. भगवत् म्हणजे पूज्य संन्यासी आणि अज्जुका म्हणजे दासींनी गणिकेला हाक मारण्याचा शब्द. या दोघांना नावातच एकत्र बांधून नाटककाराने अर्धा विनोद तिथेच उरकला आहे. यमदूत चुकून भलत्याच वसंतसेनेचे प्राण नेतो. शिष्य शांडिल्य याला योगाचे सामर्थ्य दाखवावे म्हणून परिव्राजक त्या निष्प्राण देहात प्रवेश करतो. चूक उमगून यमदूत परत येतो, तो गणिकेच्या देहात आधीच कोणी येऊन बसलेले! मग तोही गंमत म्हणून गणिकेचा जीव संन्याशाच्या रिकाम्या देहात घालून मोकळा होतो. आता गणिकेच्या मुखातून वैराग्याचा उपदेश आणि संन्याशाच्या मुखातून शृंगार!

मी परिव्राजक होतो. म्हणजे नाटकाच्या उत्तरार्धात माझ्या भगव्या कफनीत वसंतसेनेचा जीव होता. मी काय केले असेल ते सांगायला नकोच. कंबर हलवली, बोट हनुवटीला लावले, आवाज चिरका केला, लाजून मान वेळावली. सभागृह हसून लोळले. आतल्या खोलीत रंग पुसताना मी मनातून अगदी तरंगत होतो. वसंतसेनेचे काम करणारी आमची वर्गमैत्रीण आरशासमोर आंबाड्यातले गजरे काढत होती. ती माझ्याकडे न वळताच म्हणाली, "मी अशी चालते का रे?"

मी हसत म्हणालो, "अगं, नाटक आहे ते."

"नाटकच म्हणतेय मी. तू बाई केलीस. तुला वसंतसेना करायची होती."

त्या क्षणी मला तो मत्सर वाटला. तसा तो नसावा हे दुसऱ्या दिवशी मित्रांकडून कळले. संवाद लांबलचक असला की सुरुवात करण्यापूर्वी मी घसा खाकरतो आणि अंगठ्याने बोटांची पेरे मोजतो, हे मला स्वतःला ठाऊक नव्हते. तिने संन्यासी झाल्यावर नेमके तेच केले होते. तिसऱ्या रांगेतले आमचे मित्र हसले होते ते त्याला. तिने महिनाभर माझ्याकडे पाहिले होते. मी तिच्याकडे एकदाही पाहिले नव्हते.

याच नाटकाचा दुसरा प्रयोग महिन्याभराने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत व्हायचा होता. मध्यंतरी मी मामाकडे गेलो असता मामेभाऊ संगणकावर जुन्या मालिका पाहत बसला होता, त्यात हा भाग निघाला.

मालिकेचे नाव 'जस्टिस लीग अनलिमिटेड'. डीसी या अमेरिकन चित्रकथा-प्रकाशनाने सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वूमन वगैरे आपल्या नायकांना एकत्र आणून 'जस्टिस लीग' हा संघ १९६० मध्ये प्रथम छापला. त्यावरची कार्टून मालिका २००१ ते २००४ या काळात झाली, आणि तिचाच पुढचा विस्तार म्हणजे २००४ ते २००६ मधील 'अनलिमिटेड'. दोन्ही अमेरिकेत कार्टून नेटवर्क वाहिनीवर दाखवल्या गेल्या. माझ्या लेखाचा भाग ४ मार्च २००६ रोजी प्रसारित झाला. त्याचे नाव 'द ग्रेट ब्रेन रॉबरी', म्हणजे गाजलेल्या रेल्वे दरोड्याच्या इंग्रजी नावावर केलेली कोटी. इथे लुटला जातो तो मेंदू.

ज्यांना ही मंडळी परिचित नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. फ्लॅश हा लीगमधला सर्वांत वेगवान आणि सर्वांत थट्टेखोर गडी. जिभेला हाड नाही, पण मन निर्मळ. लेक्स ल्यूथर हा सुपरमॅनचा जुना वैरी, चित्रकथांत १९४० पासून वावरणारा. या मालिकेत तो प्रचंड उद्योगाचा मालक आहे, नीटनेटका सूट घालतो, हळू बोलतो आणि प्रत्येक माणसाची किंमत मनात लिहून ठेवतो. या भागाच्या आधी त्याने ग्रॉड नावाच्या बुद्धिमान गोरिलाला बाजूला सारून खलनायकांच्या टोळीचे नेतृत्व बळकावलेले असते. लीगला त्या टोळीचा ठावठिकाणा हवा आहे. ग्रॉडच्या मनाचा माग फ्लॅशच्या मनातून काढण्याचा प्रयोग अंतराळातल्या ठाण्यावर सुरू होतो. तिकडे ल्यूथरही आपल्या कामासाठी ग्रॉडच्या मेंदूशी खटपट करत असतो. दोन्ही खटपटी एकमेकींत गुंततात आणि फ्लॅश जागा होतो तो ल्यूथरच्या देहात, खलनायकांच्या अड्ड्यावर. ल्यूथर जागा होतो फ्लॅशच्या देहात, शत्रूच्या ठाण्यावर.

खरे तर अशी अदलाबदल कथेत नवी नाही. इंग्रजीत एफ. अ‍ॅन्स्टी याने १८८२ मध्ये 'व्हाइस व्हर्सा' कादंबरीत बाप आणि शाळकरी मुलगा यांचे देह बदलले. मेरी रॉजर्स यांच्या १९७२ च्या 'फ्रीकी फ्रायडे' मध्ये आई आणि मुलगी बदलतात. आपल्याकडे तर परकायाप्रवेश हा शब्दच घरोघरचा. शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या देहात प्रवेश केल्याची कथा आहे, आणि 'नवनाथ भक्तिसार' वाचणाऱ्या कोणत्याही आजीला मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या देहात शिरल्याची कथा तोंडपाठ असते. पण या कथांतला एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. परकायाप्रवेशात एकच जीव प्रवास करतो, दुसरा देह रिकामा असतो. अदलाबदलीत दोघेही बेघर होतात आणि दोघांनाही दुसऱ्याच्या घरात राहावे लागते. बापलेक किंवा मायलेकी बदलल्या की गोष्ट कोठे जाणार हे उघड असते. दोघांना एकमेकांचे कष्ट कळतात, डोळे पाणावतात, समेट होतो. तो समेट शक्य होतो, कारण प्रेम मुळात असतेच.

सुपरहिरो मालिकेत मात्र बहुधा नायक आणि खलनायक बदलतात. इथे समेटाची सोय नाही. 'द ग्रेट ब्रेन रॉबरी' मध्ये फ्लॅश ल्यूथरविषयी काही शिकत नाही, ल्यूथर फ्लॅशविषयी काही शिकत नाही. शेवटी दोघे आपापल्या देहात परततात आणि वैर जिथल्या तिथे राहते. शिकतो तो आपण, पाहणारा. काय शिकतो, ते या भागातल्या दोन छोट्या प्रसंगांत आहे.

पहिला प्रसंग हात धुण्याचा. ल्यूथरच्या देहातला फ्लॅश जिवावर उदार होऊन सोंग वठवत असतो. आपण ल्यूथर नाही हे कळले तर तिथले लोक त्याला जिवंत सोडणार नाहीत. स्वच्छतागृहातून तो तसाच बाहेर निघतो तेव्हा कोणीतरी हटकते की हात धुवायचे नाहीत का. तो ठासून सांगतो की नाही, कारण मी दुष्ट आहे. पहिल्यांदा मी खो खो हसलो. दुसऱ्यांदा पाहताना हसू आले नाही, कान गरम झाले.

कारण खरा ल्यूथर हात धुतो. माझी खात्री आहे, तो हात व्यवस्थित धुतो, रुमालाने बोट न् बोट पुसतो आणि मग शहर उडवून देण्याची आज्ञा करतो. त्याच्या दुष्टपणाचे स्वरूपच असे आहे की त्यात घाण, आरडाओरडा, वखवख नाही, थंड हिशेब आहे. फ्लॅशने ज्याची नक्कल केली तो ल्यूथर नव्हेच. तो 'दुष्ट माणूस' आहे. फ्लॅशने मनाशी समीकरण मांडले: चांगला माणूस हात धुतो, म्हणून वाईट माणूस धुणार नाही. समोरच्या जिवंत माणसाऐवजी त्याने त्याच्या जातकुळीची नक्कल केली. मी वसंतसेनेऐवजी 'बाई' केली, तसेच हे.

आणि हा फ्लॅश माणसे न ओळखणारा नाही, हे विशेष. तीनच आठवडे आधी, ११ फेब्रुवारी २००६ ला प्रसारित झालेल्या 'फ्लॅश अँड सब्स्टन्स' या भागात तो एका विमनस्क खलनायकाशेजारी मद्यालयात जाऊन बसतो, मारामारी न करता त्याची विचारपूस करतो, औषधे बंद केलीस का असे आस्थेने विचारतो आणि त्याला उपचारांसाठी राजी करतो. बॅटमॅन शेजारी उभा राहून हे पाहतो. आपल्या गावातल्या चोरालाही हा माणूस नावानिशी, दुखण्यानिशी ओळखतो. ल्यूथरकडे मात्र त्याने कधी असे पाहिलेले नाही. ज्याचा आपल्याला धाक वाटतो किंवा तिटकारा वाटतो, त्याच्याकडे आपण पाहत नाही. एक शब्द चिकटवतो आणि पुढे जातो. नक्कल करायची वेळ आली की हाताशी तो शब्दच असतो.

दुसरा प्रसंग मुखवट्याचा. सुपरहिरोंच्या कथांत मुखवट्यामागचा चेहरा हे केवढे रहस्य! तो चेहरा पाहण्यासाठी खलनायक वर्षानुवर्षे धडपडतात. ल्यूथरला ती संधी आयतीच मिळते. तो फ्लॅशच्याच देहात आहे, समोर आरसा आहे आणि अडवणारे कोणी नाही. तो मोठ्या थाटात मुखवटा वर सारतो, आरशात पाहतो, आणि त्याच्या ध्यानात येते की हा कोण आहे याची आपल्याला सुतराम कल्पना नाही. लाल केसांचा एक तरुण. रस्त्यावर हजारो असतात तसा. प्रेक्षकांना त्याचे वॉली वेस्ट हे नाव त्या आधीच कळलेले असते. ल्यूथरला चेहरा मिळाला, पण चेहऱ्यामागे जाण्याची वाट मिळाली नाही.

हा विनोद मला हात धुण्याच्या विनोदाची दुसरी बाजू वाटतो. फ्लॅशकडे ल्यूथरविषयीचा शब्द होता, माणूस नव्हता. ल्यूथरकडे फ्लॅशचा सबंध देह होता, माणूस त्याच्याकडेही नव्हता. दुसऱ्याच्या कातडीत शिरूनही त्याला ओळखता येत नाही. देहातून ल्यूथरला एकच गोष्ट मिळते, ती म्हणजे वेग. तिचा वापर तो असा निर्दयपणे करतो की लीगच्या भल्याभल्यांना पळता भुई थोडी होते. जन्मभर हाताशी असलेली ही ताकद फ्लॅशने इतक्या भयंकर रीतीने का वापरली नाही, हा प्रश्न तेव्हा मनात येतो. उत्तर एकच: सुचले नाही असे नव्हे, तो फ्लॅश होता म्हणून. त्याचा चांगुलपणा आपल्याला प्रथम दिसतो तो त्याच्या देहातून तो स्वतः निघून गेल्यावर!

आता थोडे तंत्राविषयी, कारण कलेच्या विद्यार्थ्याला खरा रस त्यात वाटावा.

कार्टूनमध्ये देह चित्रकाराचा आणि आवाज नटाचा. मग मन बदलले की आवाज कोणाबरोबर जावा? मनाबरोबर, की देहाबरोबर? दोन्ही पद्धती वापरल्या गेल्या आहेत. 'टीन टायटन्स' या मालिकेच्या २००३ मधील 'स्विच्ड' या भागात रेव्हन आणि स्टारफायर या दोन मुलींचे देह बदलतात. तिथे आवाज मनाबरोबर जातो. रेव्हनला आवाज देणाऱ्या टारा स्ट्राँगचाच आवाज स्टारफायरच्या मुखातून येतो, आणि स्टारफायरच्या हिंडन वॉल्चचा रेव्हनच्या. बालप्रेक्षकाचा गोंधळ होत नाही. डोळे मिटले तरी कोण बोलते ते कळते.

'द ग्रेट ब्रेन रॉबरी' ने अवघड वाट धरली. तिथे आवाज देहाबरोबर राहतो. ल्यूथरचा धीरगंभीर आवाज क्लॅन्सी ब्राउन या नटाचा, १९९६ च्या सुपरमॅन मालिकेपासून त्याचाच. फ्लॅशचा हलकाफुलका आवाज मायकेल रोझेनबामचा. अदलाबदल झाल्यावर ब्राउनला आपल्याच घनगंभीर गळ्यातून फ्लॅशची धांदल बोलावी लागते, आणि रोझेनबामला आपल्या कोवळ्या आवाजातून ल्यूथरचा थंडपणा. शास्त्राच्या दृष्टीनेही हेच बरोबर नव्हे काय? स्वराची पट्टी कंठाच्या घडणीवर ठरते, म्हणजे ती देहाची. पण वाक्यात कोठे थांबायचे, कोणता शब्द ओढायचा, कोणता गिळायचा, प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहायची की नाही, हे सवयीचे काम. ते माणसाबरोबर जाणार. शिवाय या मालिकेत फ्लॅशच्या मुखवट्याला डोळ्यांच्या जागी नुसते पांढरे आकार आहेत, बुबुळे नाहीत. नजरेचा आधार नटालाही नाही आणि चित्रकारालाही नाही. तरी मुखवट्यामागे दुसराच कोणी आहे हे आपल्याला दुसऱ्या वाक्याला समजते, ते केवळ बोलण्याच्या ढबीने.

यात एक मजा आहे, जी जाणत्या प्रेक्षकांना त्या वेळीच कळली असणार. हाच रोझेनबाम २००१ पासून 'स्मॉलव्हिल' या मालिकेत प्रत्यक्ष डोक्याचा गोटा करून लेक्स ल्यूथरचे काम करत होता. म्हणजे एकीकडे फ्लॅशचा आवाज आणि दुसरीकडे ल्यूथरचा देह, दोन्ही एकाच माणसाच्या पदरी. या भागात ती दोन्ही कामे एकमेकांत मिसळली आणि फ्लॅशच्या कंठातून बोलणारा ल्यूथर त्याने रंगवला.

'स्मॉलव्हिल' मध्येही असा एक भाग आहे, 'ट्रान्सफरन्स', २७ ऑक्टोबर २००४ चा. तिथे तरुण क्लार्क केंट, म्हणजे पुढचा सुपरमॅन, आणि लेक्सचा बाप लायोनेल ल्यूथर यांचे देह बदलतात. लायोनेल तुरुंगात, यकृताच्या असाध्य विकाराने ग्रासलेला. त्याला लेक्सचा देह हवा असतो, मध्ये क्लार्क येतो. जिवंत नटांचा प्रयोग असल्याने इथे आवाजाची सोय नाही. टॉम वेलिंग या सरळसाध्या तरुण नटाला पाताळयंत्री म्हातारा व्हावे लागते आणि जॉन ग्लोव्हर या मुरलेल्या नटाला शेतावर वाढलेला भाबडा पोरगा. तुरुंगातला तो पोरगा कोणाला सांगणार की मी मी नाही? पण लेखकांनी शेवटी जे केले ते मला फार अर्थपूर्ण वाटते. देह परत मिळाल्यावर लायोनेल बरा झालेला असतो. काही काळ त्याच्या देहात एक चांगला जीव राहून गेला, त्याची ही खूण. भाडेकरू गेला तरी त्याने लावलेली तुळस राहावी, तसे.

हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या तासालाही येऊन गेला आहे. जॉन लॉकने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत राजपुत्र आणि चांभार यांचे उदाहरण दिले. राजपुत्राचा आत्मा आपल्या साऱ्या आठवणींसह चांभाराच्या देहात गेला, तर तो कोण? लॉकचे उत्तर असे की व्यक्ती म्हणून तो राजपुत्रच, त्याच्या कर्मांचा जबाबदार तोच. पण शेजारपाजारच्यांच्या लेखी तो चांभारच राहील. लॉकने व्यक्ती आणि माणूस अशा दोन कल्पना वेगळ्या केल्या. परीक्षेत मी हे उदाहरण लिहिले आणि गुणही मिळवले. तरी शेजाऱ्यांच्या त्या मुद्द्याकडे माझे लक्ष गेले नव्हते. आपण कोण हे आपल्या आठवणी ठरवत असतील, पण आपल्याला कोण ओळखणार हे दुसऱ्याच्या पाहण्यावर अवलंबून आहे. ज्याच्याकडे कोणी नीट पाहिलेच नाही, त्याचा देह बदलला काय आणि न बदलला काय, शेजाऱ्यांना पत्ता लागणार नाही.

म्हणूनच या तिन्ही भागांत 'स्विच्ड' मला सर्वांत शहाणा वाटतो, जरी तो सर्वांत लहान मुलांसाठी आहे. रेव्हन अबोल, अंधारात रमणारी. स्टारफायर परग्रहावरून आलेली, आनंदाने ओसंडणारी. देह बदलताच दोघींचीही शक्ती कोसळते. स्टारफायरचा देह उडतो तो आनंदाच्या बळावर, आणि रेव्हनला आनंदी व्हायचे कसे हेच माहीत नाही. रेव्हनची शक्ती मन शांत ठेवले तरच आवरते, आणि स्टारफायर क्षणभर शांत बसत नाही. सारे उधळून जायची वेळ येते तेव्हा त्या दोघी एका जागी बसतात आणि एकमेकींना आपापली हकीकत सांगतात. कोठून आलीस, कशाने हसतेस, कशाची भीती वाटते. तेवढ्याने देह चालू लागतो. त्यांनी एकमेकींची नक्कल केली नाही, चौकशी केली. फ्लॅश आणि ल्यूथर यांना ते जमणे शक्य नव्हते. मला जमण्यासारखे होते, आणि मी केले नव्हते.

मामाकडून परतल्यावर तालमीत मी कंबर हलवणे सोडले. सरांनी विचारले, "काय रे, अंगात बळ नाही का आज?" मी म्हणालो, "सर, थोडे दिवस द्या." मी विंगेत बसून आमच्या वसंतसेनेचा पहिला प्रवेश पाहू लागलो. रोज. ती लाजत नव्हतीच मुळी, मान वेळावत नव्हती. उलट तिची वसंतसेना जरा कंटाळलेली होती, दासींना न पाहताच उत्तर देणारी. आणि एखादे अवघड वाक्य आले की ते उच्चारण्यापूर्वी ती उजव्या हाताने डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे मागे सारी. प्रत्येक वेळी. मग वाक्य.

स्पर्धेच्या प्रयोगात माझ्या डाव्या मनगटात रुद्राक्षांची माळ गुंडाळलेली होती. यमदूताने वसंतसेनेचा जीव माझ्यात घातला, मी उठून बसलो. आवाज माझाच ठेवला. कोणाकडे न पाहता उजव्या हाताने रुद्राक्ष कोपराकडे मागे सारले, आणि मग पहिले वाक्य बोललो. सभागृह शांत. माझ्या पोटात गोळा आला. दोन-तीन क्षणांनी मागून कोणीतरी एकटेच हसले, मग त्याच्या शेजारचे, मग हळूहळू इतर. स्नेहसंमेलनातल्यासारखा स्फोट झाला नाही. स्पर्धेत आम्हाला बक्षीसही मिळाले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. परीक्षकांना आमचा यमदूत अधिक आवडला.

रंग पुसताना ती पुन्हा आरशासमोर होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग स्वतःच्या हाताकडे पाहत म्हणाली, "बांगड्या मागे सारायची सवय माझी आहे, हे मलाच माहीत नव्हतं."

असो. लेखाचा शेवट उपदेशाने करावा असा प्रघात आहे, पण मी स्वतःच अजून शिकाऊ आहे. तेव्हा एवढेच सुचवतो की कधी वेळ मिळाला तर तो भाग पाहावा. हात न धुणाऱ्या फ्लॅशला मनमुराद हसावे. आणि घरी परतताना, ज्याचे नाव घेताच आपल्या तोंडी एखादा तयार शब्द येतो, अशा एखाद्या माणसाची चाल आपल्याला खरोखर आठवते का, ते मनाशी तपासून पाहावे.